एड्सच्या औषधाची हकिगत

प्लेगच्या साथीत गाव कसे उठून रानात जायचे, शिवारात झोपड्या कशा पडायच्या, ज्याच्या काखेत गाठ आली त्याच्याजवळ जायला सख्खा भाऊसुद्धा कसा कचरायचा, या गोष्टी माझ्या आजीने आपल्या सासूच्या तोंडून ऐकल्या होत्या आणि मला सांगितल्या होत्या. लहानपणी मला वाटे, ते जुने, अडाणी दिवस होते. आता तसे काही होणे नाही. पण १९९८ साली, मी तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना, तीच गोष्ट मी माझ्या आळीत डोळ्यांनी पाहिली.

आमच्या शेजारचा एक तरुण ट्रक चालवीत असे. धिप्पाड गडी, गावच्या कुस्त्यांत नारळ मिळवलेला. वर्षभरात तो वाळून काटकीसारखा झाला. ताप, जुलाब, खोकला. शहरातल्या एका दवाखान्यात नेले, तिथे रक्त तपासले आणि त्याच दिवशी काही न सांगता परत पाठवले. कागद गावात यायच्या आधी बातमी आली. मग त्याची थाळी वेगळी झाली, गोठ्याशेजारी बाज पडली, न्हाव्याने दाढी करायला नकार दिला. तो गेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसे जमायला दुपार झाली. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण इतिहास सांगणाऱ्याने स्वतःपुरता तरी खरा सांगावा. मी शिकलेला होतो. दहाव्या दिवशी मी भेटायला गेलो. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणालो, “तहान नाही.” एप्रिल महिना होता, आणि मी दोन मैल चालत आलो होतो.

मी डॉक्टर नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस आहे. राजे आणि लढाया यांचा इतिहास आपण मुलांकडून पाठ करून घेतो. रोगाला आणि औषधालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या घरादारातून जात असतो, हे मात्र सांगायचे राहून जाते. म्हणून आज एड्सच्या औषधोपचाराची हकिगत तुमच्यापुढे ठेवतो.

या हकिगतीची सुरुवात होते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. १९८० सालच्या अखेरीस आणि १९८१च्या आरंभी तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात मायकेल गॉटलिब नावाचा एक तरुण डॉक्टर काम करीत होता. त्याचा विषय होता इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे शास्त्र. त्याच्यापुढे एक रोगी आला. वय तिशीच्या पुढे थोडेसे. एरवी धडधाकट असलेल्या या माणसाला असा न्यूमोनिया झाला होता, जो निरोगी माणसाला सहसा होतच नाही. गॉटलिबने त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घेतल्या. त्या काळी ही तपासणी अगदी नवी होती. पाहतो तो, त्यातल्या एका विशिष्ट जातीच्या पेशी जवळपास नाहीशाच झालेल्या! असे आणखी रोगी आढळले. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत अशा पाच रोग्यांची छोटीशी नोंद छापून आली. एड्सच्या इतिहासाचे पहिले पान ते हेच. १९८२ साली त्या रोगाला एड्स हे नाव मिळाले.

आता त्या नाहीशा झालेल्या पेशी कोणत्या, हे समजून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट कळायची नाही. आपल्या शरीराला एक गाव समजा. गावात रात्री गस्त घालणारी तरुण मंडळी असतात, तशा शरीरात रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. पण चोर आला, अमक्या वाड्याला आला, अमुक इतकी माणसे तिकडे धावा, अशी हाळी द्यायला गावात कुणीतरी पोलीस पाटील लागतो. शरीरातला हा पाटील म्हणजे सीडी-फोर नावाची पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीक थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरात, अशा पेशी साधारणपणे पाचशेपासून दीड हजारापर्यंत असतात. एड्सचा विषाणू नेमका या पाटलाच्याच घरात शिरतो. गस्तीची मंडळी जागेवर असतात, पण हाळी द्यायला कुणी उरत नाही. ही संख्या दोनशेच्या खाली गेली, की क्षय म्हणू नका, न्यूमोनिया म्हणू नका, तोंडात येणारी बुरशी म्हणू नका, सगळे भुरटे चोर दरोडेखोर होतात. म्हणजे एड्सचा रोगी मरतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच रोगाने. आपल्याकडे बहुधा क्षयाने.

हे सगळे लागण झाल्याबरोबर होत नाही, बरं का! विषाणू शरीरात शिरल्यावर आठ-दहा वर्षे माणूस वरून ठणठणीत दिसू शकतो. त्या ट्रकवाल्या गड्याला लागण झाली असेल ती तो आखाडे मारीत होता तेव्हाच.

विषाणूचा शोध लागला पॅरिसमध्ये. १९८३ साली तिथल्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी ही संशोधिका आणि लुक माँतान्ये यांनी एका रोग्याच्या मानेतल्या गाठीतून तो वेगळा काढला. पुढच्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने याच विषाणूने एड्स होतो हे पक्के केले. १९८५ साली रक्ताची चाचणी बाजारात आली आणि १९८६ साली विषाणूला एचआयव्ही हे नाव ठरले. बारे-सिनूसी आणि माँतान्ये यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चाचणी आली आणि पसरण्याचे मार्गही स्पष्ट झाले. विषाणू पसरतो तो चार वाटांनी: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि आईकडून पोटातल्या किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाला. पाचवी वाट नाही. एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने, शेजारी बसल्याने, दाराला हात लावल्याने, डास चावल्याने तो येत नाही. १९९८ साली मी तो तांब्या नाकारला, तेव्हा ही माहिती छापून बारा-पंधरा वर्षे झाली होती. माहिती आणि माणूस यांच्यामध्ये केवढे अंतर असते, पाहा!

भारतात हा विषाणू प्रथम सापडला तो १९८६ साली, चेन्नईत. तेव्हा त्या शहराला मद्रास म्हणत. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुनीती सॉलोमन सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत. हे नाव परके वाटेल, पण या बाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातली मुलगी. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी विषय सुचवला: आपल्याकडे हा विषाणू आला आहे का ते पाहा. त्या वेळी पुष्कळ जाणती माणसे म्हणत होती, ‘हा परदेशातला रोग, आपली संस्कृती निराळी, इथे तो यायचा नाही.’ निर्मलाबाईंनाही तसेच वाटत होते. तरी त्या कामाला लागल्या. त्यांचे पती स्कूटरवरून त्यांना सोडायला जात. सरकारी निवासात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्ताचे ऐंशीच्या वर नमुने त्यांनी गोळा केले आणि नीट सोय नसल्यामुळे घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. तपासणीची सोय मद्रासमध्ये नव्हती, म्हणून नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. त्यांतले सहा नमुने पिवळे झाले. पिवळे म्हणजे विषाणू असल्याची खूण. अमेरिकेत पुन्हा तपासणी झाली, तीही तेच सांगू लागली. ‘आमच्याकडे नाही’ हे म्हणणे त्या दिवशी संपले.

सुनीतीबाई तिथेच थांबल्या नाहीत. १९९३ साली त्यांनी चेन्नईत रोग्यांसाठी स्वतंत्र संस्था काढली. बाकीचे डॉक्टर हात लावायला भीत होते, त्या काळात त्यांनी या रोग्यांना जवळ बसवले. २०१५ साली त्या वारल्या; २०१७ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

औषध नव्हते, तेव्हा माणसांनी दोन तऱ्हांनी या रोगाला तोंड दिले. दोन्ही तऱ्हा सांगतो. तुलना तुम्हीच करा.

पहिली तऱ्हा सॅन फ्रान्सिस्कोची. १९८३ साली तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात क्लिफ मॉरिसन या परिचारकाच्या पुढाकाराने एड्सच्या रोग्यांसाठी बारा खाटांचा वेगळा विभाग सुरू झाला. तिथे काम करायला परिचारिका आपणहून आल्या. औषध नाही, रोगी मरणार हे ठाऊक. तरी त्या रोग्याच्या खाटेवर बसत, हात हातात घेत, त्याच्या जिवाभावाच्या माणसांना जवळ राहू देत. १९८७च्या एप्रिलमध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात असाच विभाग उघडला, तेव्हा राजघराण्यातल्या डायनाने हातमोजे न घालता एका रोग्याशी हस्तांदोलन केले. ते छायाचित्र जगभर गेले. त्या एका हाताने दहा व्याख्यानांचे काम केले असेल.

दुसरी तऱ्हा आपल्या शेजारची, गोव्याची. बार्देशातल्या पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात विषाणू आढळला. १९८९च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेले आणि तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याप्रमाणे एका बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात कोंडून ठेवले. एक-दोन नव्हे, चौसष्ट दिवस. गुन्हा कोणता? रक्त दिले, हाच! त्याची आई लूसी हिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमनिक बाहेर आला, पण रोग्याला अलग ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्यच केला. डॉमनिकची नोकरी गेली. तरी त्याने १९९२ साली अशाच रोग्यांसाठी संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला.

या कोंडण्याने गोव्यात लागण थांबली का? नाही. उलट रक्त तपासून घ्यायला लोक भिऊ लागले. ज्याला लपावेसे वाटते तो तपासणीला येत नाही. आणि जो तपासणीला येत नाही, त्याच्याकडून रोग न कळत पुढे जातो. रोग्याला हाकलून रोग हाकलला जात नाही, हा धडा या प्रकरणाने दिला.

महाराष्ट्रात या सुमारास काय चालले होते? १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. सांगलीत १९९२ पासूनच संग्राम या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या केले. ज्यांना गाव दोष देत होते, त्याच स्त्रिया निरोध वाटू लागल्या आणि गिऱ्हाइकाला तो वापरायला भाग पाडू लागल्या. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एका सार्वजनिक कंपनीतल्या हंगामी मजुराला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर केले होते. न्यायालय म्हणाले, माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि त्याच्यापासून इतरांना धोका नाही, तर रोजगार हिरावता येणार नाही. त्या मजुराचे नाव निकालात नाही, नुसती अक्षरे आहेत. न्यायालयाने त्याचे नाव झाकले, तेही न्यायाचाच एक भाग म्हणून.

आता औषधाकडे वळू. पहिले औषध एझेडटी. ते १९६४ सालीच कर्करोगासाठी बनवले होते, पण त्या कामी निरुपयोगी ठरून बाजूला पडले होते. १९८७च्या मार्चमध्ये अमेरिकेत एड्ससाठी त्याला मंजुरी मिळाली. किंमत वर्षाला आठ ते दहा हजार डॉलर! आणि एवढे करून गुण किती, तर काही महिन्यांपुरता. का, ते सांगतो.

हा विषाणू पाटलाच्या घरात शिरल्यावर काय करतो? आपल्या तलाठ्याच्या दप्तरात जसा सात-बाराचा उतारा असतो, तसे प्रत्येक पेशीत एक दप्तर असते. विषाणू आपल्या मजकुराची उलटी नक्कल करतो आणि या दप्तरात खोटा फेरफार घालून ठेवतो. मग पेशी स्वतःच्या हाताने विषाणूच्या प्रती काढू लागते. एझेडटी त्या उलट्या नकलेत मोडता घालते. पण विषाणू मोठा लबाड. नक्कल करताना चुका करतो आणि एखादी चूक अशी होते की औषध लागूच पडेनासे होते. एका दाराला कुलूप घातले, तो दुसरे शोधतो. मग शास्त्रज्ञांनी ठरवले, तिन्ही दारांना एकदम कुलपे घालू. तीन औषधे एकत्र द्यायची. १९९६च्या जुलैमध्ये कॅनडातल्या व्हॅनकूव्हर शहरी भरलेल्या जागतिक परिषदेत या त्रिवेणी उपचाराचे निकाल जाहीर झाले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली. अमेरिकेत १९९६च्या मानाने १९९७ साली एड्सचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तुम्ही म्हणाल, मग रोग बरा झाला की! नाही. दप्तरातला तो खोटा फेरफार खोडता येत नाही. काही पेशींत तो निजून असतो. औषध बंद केले की पुन्हा नकला निघू लागतात. म्हणून हे औषध जन्मभर, रोज, ठरल्या वेळी घ्यावे लागते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपण घेतोच ना, तशातलीच गोष्ट.

पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर खर्चाचे औषध आमच्या ट्रकवाल्याला कोण देणार? १९९८ साली तो गेला, तेव्हा त्याला वाचवणारे औषध जगात होऊन दोन वर्षे झाली होती. हे वाक्य मी पुष्कळदा मनात घोळवले आहे. तो रोगाने गेला हे खरे. पण किमतीनेही गेला.

ही किंमत पाडण्यात मुंबईचा मोठा हात आहे. १९७० साली आपल्या संसदेने पेटंटचा नवा कायदा केला. त्याप्रमाणे औषधावर मक्ता मिळत नसे, ते बनवण्याच्या रीतीवर मिळे. दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवायला आपल्या कारखान्यांना मोकळीक होती. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापलेल्या सिपला कंपनीने हैदराबादच्या सरकारी रसायनसंस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने १९९०नंतरच्या वर्षांत एझेडटी स्वस्तात बनवले. पुढे तीन औषधांची मिळून एकच गोळी केली. २००१च्या फेब्रुवारीत त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी जाहीर केले, की परोपकारी वैद्यकीय संस्थेला हा उपचार वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ. साऱ्या जगात खळबळ उडाली. आफ्रिकेतल्या लाखो लोकांपर्यंत औषध पोचले, ते भारतातल्या कारखान्यांमुळे. २००५ साली पेटंटचा कायदा जागतिक कराराप्रमाणे बदलला, तेव्हा ही मोकळीक आखडली. पण तोवर वाट पडली होती.

आता पाहा, औषध भारतात बनते आणि भारतातला गरीब त्याच्याविना मरतो, ही स्थिती फार दिवस चालण्यासारखी नव्हती. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने आठ सरकारी रुग्णालयांत हे औषध मोफत द्यायला सुरुवात केली. त्या आठांत एक होते मुंबईचे जे. जे. रुग्णालय. या आवाराची एक जुनी ओळख सांगतो. याच आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आजीच्या सासूच्या काळचा रोग आणि माझ्या काळचा रोग, दोघांची औषधे एका अंगणातून गेली म्हणायची!

आठांवरून ही केंद्रे वाढत वाढत जिल्ह्या-जिल्ह्यांत गेली. आज जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्र असते. तिथे काय होते, ते माहीत असू द्या. आधी समुपदेशक एकट्याला बसवून बोलतो. मग डॉक्टर तपासतात, क्षय आहे का ते पाहतात, सीडी-फोर पेशी मोजतात. पुढे रक्तात विषाणू किती उरला तेही मोजतात. गोळ्या मोफत मिळतात. आरंभी पेशी दोनशेच्या खाली गेल्या तरच औषध मिळे. मग ती मर्यादा साडेतीनशे झाली, पुढे पाचशे झाली, आणि २०१७ पासून मर्यादाच राहिली नाही. ज्याच्या रक्तात विषाणू सापडला, त्याला लगेच औषध. पूर्वीच्या काही गोळ्यांनी हातापायांची आग होई, गाल बसत, रक्त कमी होई. त्या मागे पडल्या. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

या बदलामागे एक मोठा प्रयोग आहे, आणि त्यात आपले पुणे होते. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर हा अभ्यास झाला. जोडप्यातल्या एकाला विषाणू आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी. भारतातली केंद्रे पुणे आणि चेन्नई. २०११ साली निकाल लागला: लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध सुरू केले, तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केले, की नेमाने औषध घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. म्हणजे औषध घेणारा माणूस स्वतःला तारतो आणि दुसऱ्यालाही वाचवतो. आईचेही तसेच. उपचार नसेल तर शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. उपचार असेल तर ती पाचांच्याही खाली येते. म्हणूनच २०१४ पासून लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला जन्मभराचे औषध लगेच देण्याचे ठरले आहे. गरोदरपणी ही तपासणी जरूर करून घ्यावी, ती एवढ्यासाठीच.

२०२३च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. म्हणजे ही माणसे आपल्यातच आहेत, एस.टी.त शेजारी बसतात, बाजारात भाजी विकतात, आपल्या वर्गात बाकावर बसतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून देशात एक कायदा लागू झाला आहे. तो २०१७ साली संमत झाला. त्याप्रमाणे या विषाणूमुळे कुणालाही शाळेतून काढणे, वेगळे बसवणे, नोकरीवरून दूर करणे, उपचार नाकारणे बेकायदेशीर आहे. संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि कुणाची अवस्था त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. एखाद्या मुलाविषयी तुमच्या कानावर काही आले, तर ते तुमच्या कानापाशीच थांबू द्या. पालक तक्रार घेऊन आले, तर त्यांना त्या चार वाटा सांगा आणि पाचवी नाही हेही सांगा. कुणाला शंका असेल, विचारायला लाज वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता फुकट विचारता येते.

राहता राहिल्या वहिनी. नवऱ्याच्या मागे त्यांचीही तपासणी झाली होती आणि त्यांनाही लागण होती. मुलाला मात्र नव्हती. आठ वर्षे त्यांनी मजुरी करून काढली. २००६ साली अंगातला ताप हटेना, तेव्हा गावच्या आशाताई नव्हत्या, पण एका ओळखीच्या नर्सबाईंनी त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. पेशी भरल्या एकशे चाळीस. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात उलट्यांनी जीव नकोसा झाला, पण नर्सबाईंनी धीर दिला. दर महिन्याला पहाटेच्या एस.टी.ने जायचे, रांगेत उभे राहायचे, संध्याकाळी परत. गावात सांगायचे, “सांधेदुखीचं औषध आणाया गेलते.” गोळ्यांची बाटली ज्वारीच्या कणगीत, खोल खुपसून ठेवलेली.

आज त्या साठीच्या घरात आहेत. मुलगा एस.टी.त कंडक्टर आहे. नातू शाळेत जातो. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो सगळा प्यालो. त्या हसल्या. म्हणाल्या, “भावजी, त्या साली तहान नव्हती नव्हं?” त्यांच्या ध्यानात होते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ होते.

मी त्यांची क्षमा मागितली आणि म्हणालो, “वहिनी, मी रेडिओवर या रोगाविषयी बोलणार आहे. तुमची गोष्ट सांगू का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “गोष्ट सांगा. नाव नगा सांगू. नातवाचं लगीन व्हायचंय अजून.”

वाचकहो, १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत, १० मार्चला, त्यांनी देह ठेवला. त्या वेळी लस नुकती निघाली होती, धोका खरा होता, तरी त्या मागे सरल्या नाहीत. आपल्याला तर पाठीवर कुणाला घ्यायचे नाही. औषध जिल्ह्याच्या गावी आहे, कायदा पुस्तकात आहे, धोका नाही हे सिद्ध झाले आहे. आपल्याला फक्त समोर आलेला तांब्या घ्यायचा आहे. तेवढे आपण सर्वांनी केले, तर एखाद्या घरातली गोळ्यांची बाटली कणगीतून निघून फळीवर येईल, आणि पुढच्या वेळी ही गोष्ट सांगताना मला नाव झाकावे लागणार नाही.